पहिली गाडी घेताय? कोटेशन ओळीओळीने वाचा

भाद्रपद सरत आला होता. भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी फायनल केली. पंचवीस हजार डिस्काउंट देतायत. टोकन देऊ का?"

"हातात पडेपर्यंत किती?"

"अकरा लाख साडेसात हजार."

गाडी होती ९,२०,००० एक्स-शोरूमची (रोड टॅक्स, विमा धरायच्या आधीची किंमत), बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल. मी त्याला म्हटलं, टोकन खिशात ठेव, आधी तो कागद मला पाठव. आला तो कागद म्हणजे ब्रोशरची मागची बाजू होती, वर बॉलपेनने आकडे:

एक्स-शोरूम ९,२०,०००
आरटीओ १,१८,०००
इन्शुरन्स ४७,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १७,०००
एसेन्शियल किट २१,०००
हँडलिंग ९,५००
वजा डिस्काउंट २५,०००

दहा दिवसांनी हीच गाडी, हाच रंग, त्याने १०,२५,००० ला घेतली. गंमत अशी की डिस्काउंट वाढला फक्त दहा हजारांनी. बाकीचा फरक मधल्या ओळींतून निघाला. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस सगळा जोर शेवटच्या ओळीवर लावतो आणि शोरूमचं पोट मधल्या ओळींवर भरतं. त्या ओळी वाचायच्या कशा, एवढंच इथे सांगतो.

पहिलं काम: कागद छापील मागा

ब्रोशरच्या पाठीवर लिहिलेला आकडा हा भाव नसतो, ती गप्पा असते. शोरूमचं नाव, तारीख, व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग आणि प्रत्येक खर्च वेगळ्या ओळीत असलेलं कोटेशन मागायचं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ दिली तरी चालेल. "सर, फायनल करा, मग लगेच देतो" हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर आपलंही उत्तर ठरलेलं असू द्या: "घरी दाखवल्याशिवाय ठरत नाही." घरचं नाव घेतलं की सेल्समनचाही नाइलाज होतो.

असं कोटेशन किमान तीन ठिकाणचं घ्या, तेही त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या डीलरांकडून. नाशिकला राहत असाल तर संगमनेर, अहिल्यानगर, ठाणे इथेही विचारा. राज्य एकच असल्याने रोड टॅक्स सगळीकडे सारखाच बसतो. लहान गावच्या डीलरकडे कधीकधी हवा तो रंग उभा असतो आणि गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा तो पटकन खाली येतो. सर्व्हिसिंग कुठे करायचं हा प्रश्न वेगळा आहे, ते कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं.

एक्स-शोरूम: इथे फार हात घालता येत नाही

या किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना, म्हणजे पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. म्हणून त्याआधीचे जुने व्हिडिओ आणि जुने आकडे घेऊन शोरूममध्ये वाद घालू नका, ते उपयोगाचे नाहीत. उलटही होतं: करकपातीमुळे उतरलेली किंमत कुणी स्वतःची सूट म्हणून सांगू लागला तर मान हलवू नका. ते सरकारने सोडलेले पैसे आहेत, डीलरच्या खिशातून काय आलं ते वेगळं विचारा.

या ओळीवर मिळणारी सूट चार-पाच वाटांनी येते: कंपनीची त्या महिन्याची ऑफर, जुनी गाडी दिल्यास एक्स्चेंज बोनस, त्याच कंपनीची गाडी आधीपासून असल्यास लॉयल्टी, नोकरीच्या ठिकाणामुळे मिळणारी कॉर्पोरेट सूट आणि सगळ्यात शेवटी डीलरची स्वतःची. प्रत्येकीचं नाव घेऊन विचारा. भाच्याला कॉर्पोरेटचे पाच हजार कुणी सांगितलेच नव्हते. कंपनीचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिप दिल्यावर ते निघाले. आणि मिळेल ती सूट बिलातच दिसायला हवी. "नंतर खात्यावर टाकतो" या वाक्याला माझा अनुभव फारसा चांगला नाही.

आरटीओची ओळ: हा हिशोब घरी बसून होतो

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्याच्या वर १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावावर गाडी घेतलीत तर थेट २० टक्के, त्यामुळे "फर्मच्या नावावर घेऊ, टॅक्स वाचेल" असं म्हणणाऱ्या व्यापारी मित्राने आधी हा आकडा बघावा.

आता करा गुणाकार. ९,२०,००० चे ११ टक्के म्हणजे १,०१,२००. त्यावर थोडा उपकर, नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डचे २०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५००. सगळं धरून १,०५,५०० च्या आसपास. कागदावर होते १,१८,०००. मधले साडेबारा हजार कसले, असं भाच्याने विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "एजंट, नंबर प्लेट, फाइल." नंबर प्लेट, म्हणजे हाय सिक्युरिटीवाली, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर कंपनीकडूनच येते. फाइल म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

इथे भांडायची गरज नाही. एकच वाक्य पुरतं: "परिवहन विभागाची पावती जेवढ्याची असेल तेवढे देतो." भरलेला कर पावतीवर छापलेला असतो. हे वाक्य ऐकल्यावर आकडा त्याच बैठकीत खाली आला.

गाडी दहा लाखांच्या वर असेल तर आणखी एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, लागतो. तो खर्च समजू नका. तुमच्या पॅनवर जमा झालेला तो प्राप्तिकर असतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. मात्र पॅन नंबर बरोबर दिलाय ना आणि प्राप्तिकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर ती रक्कम दिसतेय ना, हे बघायचं काम तुमचं.

इन्शुरन्स: खरी कमाई इथे

विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. तरी शोरूममध्ये हा विषय असा मांडतात की जणू गाडीबरोबर स्टेपनी येते तसा विमाही येतो.

नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, तीन वर्षांचा सक्तीचा आहे, १ सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर सरकारी, सगळीकडे तोच, त्यावर घासाघीस होत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो. फरक पडतो तो या दुसऱ्या भागात आणि त्याला लटकवलेल्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा कव्हरमध्ये.

बाहेरचा दर काढताना लोक एक चूक करतात. आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी रक्कम) कमी ठेवलेला, झिरो डेप (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) नसलेला दर काढतात आणि "बघा, निम्म्यात मिळतोय" म्हणत शोरूममध्ये जातात. सेल्समन दोन मिनिटांत ते खोडून काढतो आणि तिथून पुढे आपलं कुठलंच म्हणणं कुणी मनावर घेत नाही. तुलना सारख्याला सारखी हवी. नव्या गाडीचा आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ९,२०,००० ला तो ८,७४,००० झाला. डीलरच्या कोटेशनवर आयडीव्ही आणि ॲड-ऑनची यादी लिहून घ्या, मग तीच यादी घेऊन दोन विमा कंपन्यांच्या साइटवर दर काढा. चाव्यांचा विमा, सामानाचा विमा, टायरचा विमा असली भर घातलेली दिसेल; झिरो डेप आणि पुराचं पाणी शिरणाऱ्या भागात इंजिन प्रोटेक्ट, एवढं मला पुरेसं वाटतं.

"बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस होणार नाही, सर." हे वाक्य येणारच. त्यावर घाबरायचं नाही, फक्त त्या विमा कंपनीच्या यादीत हे वर्कशॉप आहे का ते तपासायचं. यादीत असेल तर कॅशलेस होतो. भाच्याने बाहेरचा ३४,५०० चा कागद टेबलावर ठेवला. सेल्समन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, आला आणि म्हणाला, "आम्हीच करून देतो त्याच रेटला." चांगलंच झालं, धावपळ वाचली. म्हणजे ४७,००० हा दर होता कुणासाठी? न विचारणाऱ्यासाठी.

जुनी गाडी विकून नवी घेत असाल आणि तिच्यावर क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र आणा. ओन डॅमेजच्या हप्त्यात २० पासून ५० टक्क्यांपर्यंत सूट बसते. शोरूममध्ये हे आपणहून कुणी आठवण करून देत नाही.

हँडलिंग आणि किट

हँडलिंग म्हणजे गाडी यार्डातून शोरूममध्ये आणायचा खर्च, असं सांगतात. कारखान्यातून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीत धरलेली असते. ही ओळ काढून टाकायला सांगा, हसतमुखाने पण ठाम. बहुतेक ठिकाणी निघते. नाही निघाली तर तेवढी सूट वाढवून घ्या, कागदावर ओळ राहिली तरी आपल्याला काय, बेरीज खाली यायला हवी.

एसेन्शियल किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दाराच्या कडांना रबर आणि एक परफ्यूमची बाटली असते. यातलं खरं एसेन्शियल म्हणजे मॅट आणि मडफ्लॅप. सीट कव्हर कुठल्याही मोठ्या गावातल्या ॲक्सेसरीजच्या बाजारात मापाने शिवून मिळतं, तेही बरंच स्वस्तात. फक्त वायर कापून बसवायच्या वस्तू, हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम, बाहेर करू नका. वॉरंटीचा वाद होतो. टेफलॉन, सिरॅमिक आणि खालून मारायचं अँटी-रस्ट यांना मी सरळ नाही म्हणतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी शेवटच्याचा विचार करावा.

एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र वाईट नाही. ती त्याच दिवशी घेतली पाहिजे असं बहुतेक वेळा नसतं, मुदत किती ते विचारून घ्या. भाच्याने ती दोन महिन्यांनी घेतली, म्हणून ते १७,००० मी बचतीत धरत नाही. ते वगळून त्याचे ६५,५०० वाचले.

कधी जायचं

आपल्याकडे पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या दिवशी शोरूममध्ये पेढ्यांच्या बॉक्सला जागा नसते. त्या दिवशी भाव कोण करणार? भाव करायचा पितृपंधरवड्यात. गिऱ्हाईक फिरकत नाही, एसी चालू, पोरं मोबाइल बघत बसलेली. ज्यांना त्या पंधरवड्यात गाडी दारात नको असते त्यांनी भाव ठरवून लेखी घ्यावं आणि गाडी घटस्थापनेनंतर न्यावी. आम्ही तेच केलं.

महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस आणि तिमाहीचा शेवट हेही बरे, कारण तेव्हा सेल्समनचं टार्गेट गळ्याशी आलेलं असतं. डिसेंबरात मोठी सूट असते पण तिच्यात मेख आहे: जानेवारीत तुमची गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या. तीन वर्षांत विकायची सवय असेल तर विकताना ते वर्ष आडवं येतं.

आणि ज्या गाडीला सहा महिने वेटिंग आहे तिच्यावर सूट मिळवायला घसा कोरडा करू नका. तिथे फक्त आरटीओ, विमा, हँडलिंग या ओळी सरळ करून घ्या, तेवढ्यातही बरेच पैसे असतात.

हप्ता किती बसेल, हा प्रश्न

खुर्चीत बसल्या बसल्या विचारतात, "सर, मंथली बजेट किती?" आकडा सांगायचा नाही. हप्त्याच्या आडून किंमत, मुदत, विमा सगळं लपवता येतं. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांना घेतलं तर हप्ता १६,६०० च्या आसपास. सात वर्षांना तोच १२,९०० च्या आत येतो आणि गाडी एकदम परवडू लागते. पण व्याज १.९६ लाखांवरून २.८१ लाखांवर जातं. म्हणजे शोरूममध्ये दिवसभर घासून मिळवलेली सूट बँकेच्या दारात परत केली.

आधी गाडीची किंमत मिटवा, मग कर्जाचं बोला. आपल्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात घेऊन जा, निदान दर माहीत असू द्या. शोरूममधला फायनान्सवाला 'फ्लॅट' दर (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज) सांगत असेल तर त्याला रिड्यूसिंगमध्ये (फेडून उरलेल्या रकमेवर व्याज) सांगायला लावा. फ्लॅटचा सहा टक्के ऐकायला गोड असतो, पण खरा दर त्याच्या दुपटीच्या जवळ जातो.

जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर तिचा विषयही शेवटी काढा आणि तिची किंमत वेगळी लिहून घ्या. नाहीतर इकडे सूट वाढते आणि तिकडे जुन्या गाडीचा भाव तेवढाच पडतो.

टेबलावर बसल्यावर

भाव करायला घरचं वऱ्हाड नेऊ नका. ते टेस्ट ड्राइव्हला न्या. आमच्या पहिल्या फेरीत ताई बरोबर होती. सेल्समन हँडलिंगची ओळ खोडायच्या बेतात होता, पेन कागदावर टेकलेलं होतं, तेवढ्यात ताई म्हणाली, "काही का असेना, दसऱ्याला दारात हवी हं, आणि पांढरीच." पेन टोपणात गेलं. त्या दिवशी आम्ही चहा पिऊन परत आलो.

दुसऱ्या फेरीला भाचा आणि मी दोघंच. बोलायचं त्याने, मी गप्प बसायचं असं ठरलेलं. त्याने दुसऱ्या डीलरचं कोटेशन उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "इथून माझं घर जवळ आहे, म्हणून इथे घ्यायचीय. एकूण १०,२५,००० ला होत असेल तर आत्ता बुकिंग करतो." बस. एक आकडा, तोही एकूण. नुसतं "अजून काहीतरी करा ना" म्हटलं की परफ्यूमची बाटली मिळते.

मग ठरलेला खेळ सुरू होतो. "सर, यात आमचं काहीच राहत नाही." मग "मॅनेजरशी बोलतो." मग दहा मिनिटांची शांतता. या शांततेत नवखा माणूस अस्वस्थ होतो आणि स्वतःच पाच हजार वाढवतो. तेवढं करू नका. मॅनेजर आला, सात हजार वर मागितले, भाचा उठला, "विचार करून कळवतो" म्हणाला. संध्याकाळी फोन आला. दर वेळी येतोच असं नाही हां. नाही आला तर दुसरा डीलर आहेच, म्हणून तर तीन कोटेशनं घ्यायची. सेल्समनशी उगाच वाकड्यात शिरू नका, पोरगं पगारावर आहे, डिलिव्हरीच्या दिवशी तुमची फाइल तोच पळवणार असतो.

बुकिंगपासून चावीपर्यंत

बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील. कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात, तेव्हा हे वाक्य जागं होतं. ठरलेली सूट, मोफत वस्तू, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास टोकन परत मिळणार का, हे सगळं फॉर्मवरच लिहून शिक्का घ्या. पैसे शोरूमच्या बँक खात्यातच; सेल्समनच्या नंबरवर यूपीआय नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कायद्यानेच चालत नाही.

पूर्ण पैसे आणि नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन तीच गाडी बघा जिचा चासी नंबर तुमच्या बिलावर येणार आहे. नोंदणी झाली की ती तुमची, मग ओरखडा असो की आणखी काही. दिवसाउजेडी बघा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपासच्या आठवड्यातले हवेत. एखादा फार वेगळा निघाला तर का ते विचारा. किलोमीटर बघा, काचांवर ओरखडे बघा, दारांच्या कडांना रंगाची छटा बदलते का बघा. उत्पादनाचा महिना-वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतो. गाडी आठ-नऊ महिने उभी असलेली निघाली तर एकतर बदलून मागा किंवा सूट पुन्हा बोला. बोलण्याची ही शेवटची संधी.

विनानोंदणीची गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायला डीलरला परवानगी नाही, त्यामुळे "आज न्या, नंबर नंतर पाठवतो" याला मुहूर्त असला तरी नाही म्हणा. दोन्ही चाव्या, बिल, कराची पावती, विम्याची पॉलिसी, फास्टॅग, वॉरंटीचं पुस्तक मोजून घ्या. ताईने नारळ, हार, चार लिंबं आणली होती. लिंबं चाकाखाली ठेवण्याआधी भाच्याने पॉलिसी उघडून विमा कुठल्या तारखेपासून, किती वाजल्यापासून सुरू होतोय ते बघितलं. येत्या मध्यरात्रीपासून होता. ताई ताटकळत उभी, शोरूमवाला फोटो काढायला उभा आणि आम्ही तारीख दुरुस्त करून घेत बसलेलो, पाऊण तास.